खुर्चीत ९६, बाथरूममध्ये ७९

आईचा ऑक्सिजन बसल्या जागी ९५-९६ असायचा, आणि त्या ९६ नेच आमचे सात-आठ महिने वाया घालवले असं मी आता सरळ म्हणते. आकडा खोटा नव्हता, आम्ही तो चुकीच्या वेळी बघत होतो एवढंच. ज्यांच्या घरात फुफ्फुसाचा जुना आजार आहे त्यांच्यासाठी हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतेय, कारण आम्हाला ते तुकड्यातुकड्यात कळलं आणि बरंचसं उशिरा कळलं.

आई ६७ ची. फुफ्फुसाला फायब्रोसिस, डॉक्टर लोक आयएलडी म्हणतात, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती हळूहळू जाड आणि कडक होत जातात. तेव्हा निदान होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. कोरडा खोकला, जिना चढला की धाप, बाकी बोलायला-चालायला ठणठणीत. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, तिथे आधी तासभर खुर्चीत बसायचं, मग नर्स येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावणार, ९६, "छान आहे की मावशी", की आम्ही खुश होऊन घरी. घरी पण एक ऑक्सिमीटर आणला होता, पण तो कधी लावायचो, तर सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, म्हणजे दोन्ही वेळा ती निवांत पडलेली.

दरम्यान काय काय बदलत होतं ते आता मागे वळून बघितलं की दिसतं. फोनवर बोलता बोलता घरभर फिरायची तिची सवय होती, ती बंद झाली, आता बसूनच बोलायची. वरच्या मजल्यावरची खोली तिने "काय काम आहे मला वर" म्हणून सोडली. केस धुणं पुढे ढकलत राहायची. तक्रार एकही नाही. कुणी विचारलं की "वय झालं गं आता". फुफ्फुसाच्या पेशंटचं हे असंच असतं असं नंतर फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, ज्याने धाप लागते ते माणूस करायचंच सोडतो, आणि मग धाप लागत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं तब्येत स्थिर आहे.

मग तो दिवस. आई आंघोळ करून बाहेर आली, टॉवेल खांद्यावर, एक हात दाराच्या चौकटीला, मी काहीतरी विचारलं तर उत्तरच नाही. ऐकू आलं होतं, पण बोलायला श्वास शिल्लक नव्हता. तिला पलंगावर बसवलं आणि ऑक्सिमीटर लावला, आधी नुसत्या रेघा, मग ८८. मला वाटलं ओला हात आहे म्हणून असेल, बोट पुसून परत लावला, ८४. मग ८१. आता ती शांत बसली होती, काहीही करत नव्हती, तरी आकडा खालीच चाललेला, ७९. तिथे दहा-बारा सेकंद थांबला आणि मग चढायला लागला, ८३, ८७, ९१, आणि साधारण चार मिनिटांनी ९५. तेव्हा आई काय म्हणते, "बघ, आहे की पंच्याण्णव, उगाच घाबरतेस."

बसल्यानंतरही तो आकडा खाली कसा जात राहिला हे मला तेव्हा कळेना, आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. ऑक्सिमीटर म्हणजे वरातीमागून घोडं. रक्त फुफ्फुसातून निघतं, हृदयातून फिरतं, मग बोटाच्या टोकापर्यंत पोचतं, त्यात मशीन दर क्षणाचा आकडा दाखवत नाही तर मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतं, हात गार असेल तर अजून उशीर. म्हणजे जिना चढून वर पोचल्यावर तुम्ही जो आकडा बघता तो मधल्या पायरीवरचा असतो. खरा तळ त्यानंतर येतो, कधी वीस-तीस सेकंदांनी, कधी जास्त. लोक काय करतात, चालून येतात, चटकन बोट घालतात, ९१ बघतात, काढून ठेवतात. एक मिनिट बोट तसंच ठेवलं असतं तर दुसरीच गोष्ट दिसली असती.

आता बसल्यावर ९६ आणि आंघोळीत ७९ हे कसं, ते डॉक्टरांनी फार छान समजावलं. रक्तातली लाल पेशी फुफ्फुसातल्या बारीक नळीतून जाते तेव्हा तिला ऑक्सिजन उचलायला आराम करताना साधारण पाऊण सेकंद मिळतो. चांगल्या फुफ्फुसात तिचं काम पाव सेकंदातच उरकतं, म्हणजे वेळ उरतोच. आपण जोरात काम केलं की रक्त जोरात पळतं आणि तो पाऊण सेकंद कमी होत होत पाव सेकंदापर्यंत येतो, तरी निरोगी माणसाचं भागतं. आईच्या फुफ्फुसात भिंत जाड, ऑक्सिजनला पलीकडे जायला वेळ लागतो, बसलेली असताना पाऊण सेकंदात कसंबसं जमतं, पण रक्त पळायला लागलं की गाडी स्टेशनवर थांबायच्या आधीच सुटते आणि निम्मे प्रवासी फलाटावर. त्यात काम करणारे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त ओढून घेतात, त्यामुळे फुफ्फुसात परत येणारं रक्त आधीच जास्त रिकामं. सीओपीडीवाल्यांमध्ये, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुना आजार असलेल्यांमध्ये, कारण थोडं वेगळं असतं, तिथे हवा आत अडकून राहते आणि हवा एकीकडे रक्त दुसरीकडे असा घोळ असतो, पण काम करताना पडणं दोघांनाही होऊ शकतं.

आणि ९० हा आकडा सगळे डॉक्टर का धरून बसतात तेही तेव्हाच कळलं. ९७ चं ९३ झालं तरी रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये फार फरक पडलेला नसतो, पण साधारण ९० ला रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या आसपास असतो आणि त्याच्या खाली उतार एकदम तीव्र होतो, दाब थोडासा पडला की सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा टक्क्यांचा आकडा, धाडकन घसरतं. आईचं ८८ वरून ७९ तिसाव्या सेकंदाला झालं ते त्यामुळेच. वर हे पण आहे की ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि रोज रोज असं होत राहिलं तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. म्हणजे "थोडा वेळच तर पडतो" म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ही.

तर डॉक्टरांना तो ७९ सांगितला आणि त्यांनी सहा मिनिटं चालायची टेस्ट करायला सांगितली. सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना खुणा, त्यात सहा मिनिटं आपल्या वेगाने जमेल तेवढं चालायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावलेलाच. सुरुवात ९५. दुसऱ्या मिनिटाला ८९, चौथ्या मिनिटाला ८१, तिथे ती भिंतीला टेकून उभी राहिली. एकूण २६८ मीटर. मग विश्रांती, आणि परत तीच टेस्ट ऑक्सिजन लावून, मिनिटाला २ लिटरवर (यालाच फ्लो म्हणतात) सगळ्यात खाली ८६ गेला, आणि दुसऱ्या दिवशी ४ लिटरवर ९० च्या खाली गेलाच नाही, अंतर ३१५ मीटर. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बसल्यावर ऑक्सिजन नको, हालचाल करताना ४ लिटर, झोपेतलं रात्रभर वेगळं तपासू. माझी चूक काय होती तर मला वाटायचं ऑक्सिजन लागतो किंवा लागत नाही, मधलं काही नाही. असं कामागणिक वेगवेगळं असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

माझ्या भावाने इथे एक वाद घातला, आणि तो वाद चुकीचा नव्हता म्हणून लिहिते. त्याने वाचलं होतं की नुसतं चालताना पडणाऱ्यांना ऑक्सिजन देऊन काही फायदा होत नाही. डॉक्टर म्हणाले तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण ते कोणाचं आहे ते बघा. १९८०-८१ च्या दोन जुन्या अभ्यासांत असं दिसलं की सीओपीडीमध्ये ज्यांचा बसल्या जागीच ऑक्सिजन फार कमी आहे त्यांना दिवसातले १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन दिला तर ते जास्त जगतात. मग २०१६ मध्ये अमेरिकेत ७३८ सीओपीडी पेशंटचा अभ्यास आला, ज्यांचा बसल्यावर थोडाच कमी किंवा फक्त चालताना पडायचा, त्यांच्यात ऑक्सिजन लावून आयुष्य वाढलं नाही की हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. पण २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ८४ आयएलडी पेशंटवर एक अभ्यास झाला, आईसारखेच, बसल्यावर ठीक आणि चालताना पडणारे, दोन आठवडे ऑक्सिजन लावून आणि दोन आठवडे न लावता, आणि त्यात ऑक्सिजनवर धाप कमी होती, रोजचं जगणं बरं होतं. आयुष्य वाढतं असं तो अभ्यास सांगत नाही, आणि डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. "तुमच्या आई आंघोळ करून बोलू शकल्या तर मला पुरे," म्हणाले. भाऊ गप्प झाला. मला तर ते वाक्य त्या सगळ्या अभ्यासांपेक्षा जास्त पटलं, असो.

घरी मशीन आलं, कॉन्सन्ट्रेटर, जो हवेतला नायट्रोजन शोषून घेतो आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीतून देतो. लांब नळी घेतली, घरात कुठेही पोचेल अशी. आणि पहिले दहा-बारा दिवस आम्ही ते पूर्ण चुकीचं वापरलं. म्हणजे असं की आई नळी काढून ठेवून काम करायची, धाप लागली की येऊन नळी लावून बसायची, पंखा लावल्यासारखं. मला पण ते बरोबरच वाटत होतं, तहान लागली की पाणी प्यावं तसं. पण बसल्यावर तर तिचं तिचंच वर येतं ना! नळी लागायची तोपर्यंत पडायचं ते पडून झालेलं. ताईंनी एकदा घरी येऊन हे बघितलं आणि डोक्याला हात लावला. त्यांनी सांगितलं, उठायच्या आधी दोन-तीन मिनिटं लावायची, फ्लो आधी वाढवायचा, मग उठायचं, काम करायचं, संपल्यावर बसून आकडा नेहमीच्या जागी येईपर्यंत तशीच ठेवायची, मग काढायची. एवढ्या एका बदलाने आंघोळीनंतरचा आकडा ७९ वरून ८५ वर आला, बाकी काहीही न बदलता.

मग वही सुरू केली. मी आणि आई दोघींनी आठवडाभर प्रत्येक कामाचा तळ लिहिला, तळ म्हणजे काम संपल्यावर एक मिनिटात जो सगळ्यात खालचा आकडा दिसतो तो, आणि त्यापुढे परत ९४ वर यायला किती वेळ लागला तो. यातून जे निघालं ते माझ्या अंदाजाशी अजिबात जुळत नव्हतं. मला वाटायचं चालणं सगळ्यात वाईट, तर सपाटीवर हळू चालणं ९० च्या आसपास, म्हणजे सगळ्यात बरं. पलंगावरची चादर बदलणं ८३. खाली वाकून चप्पल सरळ करणं, जे काम म्हणून पण कोणी मोजणार नाही, ८४. फोनवर बोलत चालणं ८६, आणि गप्प चालणं ९०, तीच खोली, तेवढीच पावलं. म्हणजे चालण्यापेक्षा जिथे हात वर जातात, जिथे पोट दाबलं जातं आणि जिथे नकळत श्वास रोखला जातो ती कामं खाणारी निघाली. हात वर केले की खांद्या-छातीचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात ते हाताच्या कामाला जुंपले जातात. वाकलं की पोट वर ढकललं जाऊन श्वासपटलाला खाली यायला जागाच नाही. आणि आंघोळीत तर हे तिन्ही एकदम, वर गरम वाफ, वर नळी काढलेली, वर घाई, मग ७९ नाही होणार तर काय होणार.

आंघोळीवर सगळ्यात जास्त डोकं चालवलं. बाथरूममध्ये पाठ टेकायला येईल अशी पक्की खुर्ची ठेवली, हाताने धरायचा शॉवर बसवला, म्हणजे वाकून पाणी घेणं गेलं. पाणी कोमट, दार किलकिलं, एक्झॉस्ट आधीपासून चालू, कारण वाफ कोंडली की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. नळी नाकाला तशीच, मशीन बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी. तिला आधी नळी भिजेल म्हणून भीती, भिजली तर पुसायची, त्यात काय. पाय धुवायला वाकायचं नाही, लांब दांड्याचा ब्रश. केस धुणं वेगळ्या दिवशी आणि ते मी धुते, ती कोपरं मांडीवर टेकवून बसते. आणि सगळ्यात कामी आलेली गोष्ट सांगू, टॉवेलच्या कापडाचा ढगळ गाऊन. अंग पुसणं हे खरं तर आंघोळीपेक्षा जास्त मेहनतीचं, दोन्ही हात डोक्यावर पाठीवर सगळीकडे, आणि तोपर्यंत माणूस आधीच दमलेला. आता ती बसल्या बसल्या गाऊन घालते आणि पाच मिनिटं तशीच बसते, अंग आपोआप टिपलं जातं. आंघोळीचा तळ आता ८९ च्या खाली क्वचित जातो.

पोर्टेबल मशीनवर आम्ही चांगलेच फसलो. खांद्यावर अडकवायचं, बॅटरीचं, दिसायला छान, आई पण खुश कारण आता बाहेर जाता येईल. त्याच्यावर १ ते ५ आकडे. मी सरळ ४ वर ठेवलं, डॉक्टरांनी ४ लिटर सांगितलंय म्हणून. बाहेर पडलो, पाच मिनिटं चालून झाली नाहीत तोच ८३. मशीन बिघडलंय म्हणून मी विकणाऱ्याशी भांडले सुद्धा. मशीन चांगलं होतं. ते सतत ऑक्सिजन सोडत नाही, तुम्ही श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता एक झोत देतं, आणि त्याच्यावरचे आकडे म्हणजे लिटर नाहीतच, त्या कंपनीच्या पायऱ्या आहेत. त्यात बऱ्याच मशीनचं असं असतं की मिनिटाला एकूण ऑक्सिजन ठराविकच, मग आई धापा टाकायला लागून मिनिटाला ३० श्वास घ्यायला लागली की प्रत्येक झोत छोटा छोटा होत जातो, म्हणजे नेमकी गरज वाढली की वाटा कमी. आणि चालताना ती तोंडाने श्वास घेते, तेव्हा कधी कधी मशीनला श्वास घेतल्याचं कळतच नाही. हे विकताना कोणी सांगत नाही हो. आता बाहेर चालायचं असेल तर सतत फ्लोचा छोटा सिलिंडर चाकाच्या ट्रॉलीवर, आणि कुठे जाऊन नुसतं बसायचं असेल तर ते पोर्टेबल. कोणी घेणार असाल तर एवढंच करा, पेशंटला ते मशीन लावून, नेहमीच्या वेगाने, सहा मिनिटं चालवून बघा आणि मगच घ्या. खुर्चीत बसून ट्रायल घेऊ नका.

जिन्याचं प्रकरण अजून मजेशीर. आमचा जिना १४ पायऱ्यांचा. ताईंची पद्धत अशी की पायरी चढताना श्वास सोडायचा, पाऊल टेकवून उभं राहून घ्यायचा, आणि पाच पायऱ्या झाल्या की थांबायचं, धाप लागली असो नसो. आईला हे पटेना. "लागली की थांबेन ना." पण धाप लागेपर्यंत उशीर झालेला असतो, आकडा त्याच्या आधीच सुटलेला असतो, आणि एकदा ८५ च्या खाली गेला की वर यायला दुप्पट-तिप्पट वेळ. मग मधे थांबून पण आकडा ८४ का जातोय हे कळेना, मी मागे मागे ऑक्सिमीटर घेऊन. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आई थांबते तेव्हा बोलते! मधल्या पायरीवर उभी राहून मला कालचं काहीतरी सांगत असते, आणि विश्रांतीचा सगळा श्वास गप्पांत जातो. मी म्हटलं आई गप्प बस ना जरा, तर म्हणे, "मग थांबून करू काय?"

ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा हळू श्वास सोडायचा व्यायाम सगळीकडे सांगतात, आम्हालाही शिकवला. दोन मोजत नाकाने घ्यायचा, चार मोजत सोडायचा. ताईंनी मोकळेपणाने सांगितलं की याचा खरा उपयोग सीओपीडीवाल्यांना, कारण त्यांच्या श्वासनलिका सोडताना मिटतात आणि फुंकरीने उघड्या राहतात. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसच ताठ, तिथे ओढूनताणून लांब श्वास सोडला तर उलट दमायला होतं. तरी आई करते, कारण घाबरून श्वास उथळ आणि भराभर व्हायला लागला की तिला धरायला काहीतरी मिळतं. चार मोजायचा हट्ट नाही, जेवढं जमेल तेवढं.

बाकीचे छोटे बदल भराभर सांगते, चप्पल वाकून नाही तर पाय गुडघ्यावर घेऊन घालायची, खाली पडलेलं उचलायला लांब चिमटा, रोजच्या वस्तू कंबर ते खांदा एवढ्याच उंचीत, चादर मी बदलते, संडासला जोर द्यायला लागू नये म्हणून डॉक्टरांना सांगून औषध घेतलं कारण तिथेही श्वास रोखला जातो आणि तिथला तळ ८४ होता, जेवल्यावर तासभर मेहनतीचं काम नाही. नाक कोरडं पडतं त्याला पाण्यात विरघळणारी जेल, तेल किंवा व्हॅसलिन नाही, ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. आणि अर्थातच नळी लावून गॅसजवळ, मेणबत्तीजवळ, सिगरेट ओढणाऱ्याजवळ जायचं नाही, यात अजिबात तडजोड नाही.

एक उलटी बाजू पण झाली. वही सुरू केल्यावर आईला आकड्याचं व्यसन लागलं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा बोट आत. रात्री जागून. एकदा थंडीत पहाटे तिने ७२ बघितलं आणि रडायलाच लागली, मी पळत आले, बोट बर्फासारखं, मशीनवर नाडीचे ठोके ४८ दाखवतंय आणि मी मनगटाला हात लावून मोजले तर ८० च्या वर. ठोकेच जुळत नाहीत म्हणजे आकडा टाकाऊ. हात चोळून गरम केला, परत लावला, ९३. गार बोट, नेलपॉलिश, हलणारा हात, या सगळ्यात ते फसतं. वर ते चांगलं चाललं तरी दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरायचेच, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हे ठळक दिसलं आणि नंतर तिथल्या एफडीएनेही, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही, इशारा दिला. म्हणून मी ८९ ला ८९ च आहे असं धरत नाही, त्याहून कमी असू शकतो हे मनात ठेवते. आईसाठी नियम केला, दिवसातून तीनदाच, आणि त्यातलं एक तरी काम संपल्यावर. बाकी वेळ ऑक्सिमीटर माझ्या कपाटात. धाप आणि आकडा यांचं नेहमी जुळतंच असं नाही हेही तिला हळूहळू उमगलं, कधी ९५ वर जीव कासावीस होतो आणि कधी ८४ वर ती मजेत बडबडत असते, आणि खरं धोक्याचं ते दुसरं.

मी मात्र एक आगाऊपणा केला होता. एकदा ती फार दमलेली बघून फ्लो स्वतःच ६ वर नेला आणि रात्रभर तसाच ठेवला. डॉक्टर चिडले, आणि बरोबरच होतं. आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड आधी तपासलेला, नॉर्मल होता, म्हणून निभावलं. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं दुखतं, गुंगी येते, म्हणून त्यांना मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. तेव्हा शेजारच्याच्या फ्लोवरून आपला ठरवू नका.

आठ आठवडे व्यायामाचा कार्यक्रम केला, आठवड्यातून दोनदा तिथे आणि बाकी दिवस घरी, सगळं ऑक्सिजन लावून. आधी आई म्हणाली धाप लागते म्हणून तर आलेय आणि हे मला अजून धाप लावतायत. पण झालं असं की फुफ्फुस आहे तेवढंच, पायाचे स्नायू सुधारले, आणि सुधारलेला पाय तेवढ्याच कामाला कमी ऑक्सिजन मागतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं पहिल्या दिवशी सलग चारदा, शेवटच्या आठवड्यात अकरा.

नळीची लाज हा वेगळाच विषय. बेल वाजली की आई आधी नळी काढून उशीखाली लपवायची आणि मग दार उघडायला चालत जायची, म्हणजे नेमकं चालताना नळी नाही. मी समजावलं, चिडले, काही उपयोग नाही. शेवटी माझ्या मुलीने सोडवलं. तिची मैत्रीण आली आणि विचारलं आज्जीच्या नाकाला काय आहे, तर ही म्हणाली "चार्जर". तेव्हापासून आई स्वतःच सांगते, थांब गं चार्जर लावून येते.

मधे एक आजारपण झालं आणि तिथे वहीचा खरा उपयोग झाला. नेहमी आंघोळीनंतर ९४ वर यायला दीड-दोन मिनिटं लागायची. एका सोमवारी चार लागली. मंगळवारी साडेपाच. बसल्यावरचा आकडा अजून ९५ च, ताप नाही, खोकला नेहमीचाच. आधीची मी असते तर खुर्चीतला ९५ बघून गप्प बसले असते. मंगळवारी दुपारीच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं, इन्फेक्शन निघालं, ताप बुधवारी रात्री आला तेव्हा औषध आधीच चालू होतं. ओठ निळे पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यात तर थांबायचंच नाही, पण त्याच्या आधी हा वर यायचा वेळ लांबणं हे आमच्या घरात तरी सगळ्यात पहिलं बोललं.

आता सव्वा वर्ष होत आलं. आजार थांबलेला नाही, मागच्या तपासणीत फुफ्फुसाची क्षमता अजून थोडी उतरली आणि चालतानाचा फ्लो ४ चा ५ झाला. पण आई वरच्या खोलीत परत जायला लागली, दिवसातून एकदा, संध्याकाळी, तिकडच्या खिडकीत बसायला. वही आता तीच लिहिते, मी फक्त अधूनमधून चाळते. कालची नोंद अशी आहे: जिना, दोनदा थांबले, वर ८९, तळ ८८, पावणेदोन मिनिटांत ९४. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, मधे बोलले नाही.